घड्याळं सांभाळणारा माणूस

ख्रिस्ती लोकांचा छळ करणाऱ्या शौलाचा प्रेषित पौल कसा झाला हे सांगताना पाळक रंगात आले होते, आणि नेमका त्याच वेळी भोंगा या नावाने ओळखला जाणारा माणूस दारातून आत आला.

आधी कोणाच्या लक्षात आलं नाही. मग मागच्या रांगेतल्या एका बाईने मागे वळून पाहिलं, पोराला जवळ ओढलं आणि शेजारणीला कोपर मारलं. कुजबुज रांगेरांगेने पुढे गेली. पहिल्या बाकावर बसलेले मंडळीचा कारभार पाहणारे मुख्य वडील, ज्यांना सगळे ठेकेदार म्हणत, ते अर्धवट उठून उभे राहिले. पाळक बोलायचे थांबले. भोंगा भिंतीला टेकून उभा होता, हात पुढे बांधून, परीक्षेत नापास झालेल्या पोरासारखा. बसायला जागा शोधत होता, पण तो जिकडे पाही तिकडची माणसं पसरून बसत.

मधल्या रांगेत सुतार आणि त्याची बायको बसले होते. सुतार बायकोच्या अंगावर जरा सरकला आणि त्याने बाकावर हाताने थोपटलं.

"इथे बस, भाऊ."

सुतारणीला वाटलं, कोणीतरी आपल्या कानाखाली वाजवली.

भोंगा कोण हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. लाऊडस्पीकर भाड्याने देण्याचं त्याचं दुकान होतं आणि देवाने त्याला घसाही तसाच दिला होता. सभा असो, मोर्चा असो, घोषणा त्याच्याच. काही वर्षांपूर्वी त्याने गल्लीगल्लीत रिक्षातून ओरडत फिरून माणसं पेटवली होती की हे प्रार्थनावाले आपली पोरं फोडतात, आपली घरं मोडतात. एका रविवारी ती पेटलेली माणसं जुन्या प्रार्थनाघरावर चालून आली. पत्र्याचं साधं घर होतं ते. आतल्या बायका-पोरांना मागच्या खिडकीतून बाहेर काढेपर्यंत सुताराने पुढचं दार धरून ठेवलं. दार फुटलं तेव्हा त्याचा उजवा हात दार आणि चौकटीच्या मध्ये सापडला. वरून त्यांनी आतले बाकही जाळले. ते सगळे बाक सुतारानेच बनवले होते.

हात राहिला, पण बोटं गेल्यासारखीच. पेला धरता येई, रंधा धरता येत नसे. ज्या माणसाचा सांधा बघायला दुसरे सुतार यायचे, तो आता शर्टाची बटणं बायकोकडून लावून घ्यायचा.

घरी परतताना सुतारीण चार पावलं पुढे चालत होती. कोपऱ्यावर वळल्यावर ती थांबली.

"अहो, तुम्हाला काहीच वाटलं नाही?"

"वाटलं ना. हात ठणकायला लागला."

"मग?"

"मग काय? तो उभा होता. जागा होती. सरकलो."

"ज्याने तुमचे बाक जाळले त्याला बाकावर बसवलंत! आणि वर भाऊ? भाऊ कसला? वैऱ्यालासुद्धा लाज असते, तो असा तोंड वर करून दारात येत नाही."

"अगं, तोंड खालीच होतं त्याचं," सुतार म्हणाला. त्यावर ती घरापर्यंत बोलली नाही. भांडी मात्र बोलली. त्या दुपारी स्वयंपाकघरात पातेली अशी आपटत होती की वरच्या मजल्यावरची म्हातारी खाली डोकावून गेली.

काही दिवसांनी भोंगा कारखान्यात आला. कारखाना म्हणजे घराखालची एक लांबट खोली. करवतीचं मशीन, भिंतीला टेकवलेल्या फळ्या आणि पायाखाली भुसा. हात गेल्यापासून मशीनवर सुतारीण उभी राहायची. सुतार डाव्या हाताने पेन्सिलीची रेघ मारून द्यायचा, ती कापायची. सुरुवातीला गिऱ्हाइकं हसली. मग खिडक्या नीट बसायला लागल्या तशी हसायची थांबली.

तिने मशीन बंद केलं नाही. भोंगा काहीतरी बोलत होता, ते आवाजात ऐकू आलं नाही. शेवटी सुतारानेच बटण दाबलं.

"वहिनी, मला बोलायचंय," भोंगा म्हणाला.

"आयुष्यभर बोललासच की. अजून राहिलंय?"

"हो. त्या दिवशी मी कोणाच्या अंगाला हात लावला नाही."

"वा! मग सत्कार करू तुझा?"

"ऐकून घ्या. मी हात लावला नाही, कारण मी सगळ्यांची घड्याळं आणि मोबाईल सांभाळत होतो. मारामारीत हरवू नयेत म्हणून. माझ्या पिशवीत होते सगळे. मी उभा राहून 'अजून जोर लावा' म्हणत होतो. दार मोडलं ते माझ्या आवाजाने मोडलं. हे मला तुमच्या तोंडावर सांगायचं होतं."

सुतारणीने हातातली फळी मशीनवर आडवी टाकली.

"मग वरची काच फुटून माझ्या कपाळावर पडली. दादांचा हात दारात अडकलेला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, 'अरे, रक्त येतंय तुझ्या डोक्यातून. आधी ते बांध.' वहिनी, मी त्यांच्या हाताकडे बघत होतो आणि ते माझ्या कपाळाकडे. नंतर वर्षभर मी तुमच्या लोकांविरुद्ध दुप्पट ओरडलो. ओरडायचं थांबलं की तेच वाक्य ऐकू यायचं."

सुतारणीने नवऱ्याकडे पाहिलं. "हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत."

"त्यात सांगण्यासारखं काय होतं?" सुतार म्हणाला. "रक्त येत होतं त्याच्या."

तिला नवऱ्याचा राग आला, भोंग्याचा राग आला आणि रडू येतंय याचा सर्वांत जास्त राग आला. "हे सगळं ऐकून माझ्या नवऱ्याची बोटं वळणार आहेत का?"

"नाही. पण मी साक्ष देऊ शकतो. कोण कोण होतं, कोणाच्या सांगण्यावरून आलो, सगळं. माझ्या नावासकट."

"कसली साक्ष? केस कधीच मिटली. पुरावा मिळाला नाही म्हणून पोलिसांनी बंद केली. ठेकेदार स्वतः घरी येऊन सांगून गेले."

भोंग्याने सुताराकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "पुरावा मिळाला नाही? वहिनी, तडजोड झाली होती. आमच्या पुढाऱ्याच्या ऑफिसात. मी होतो तिथे. तुमचे ठेकेदार आणि मंडळीचे आणखी दोन वडील आले होते. तुमच्या मंडळीने जबाब द्यायचा की बाहेरचं कोणी आलंच नाही, वायर जळून आग लागली आणि पळापळीत दार पडून दादांचा हात चिरडला. त्या बदल्यात तुम्ही आता जमता त्या नव्या हॉलला आम्ही विरोध करायचा नाही. हातात हात देऊन उठले सगळे. तुम्हाला... माहीत नव्हतं?"

माहीत नव्हतं. सुतार तापाने फणफणत दवाखान्यात पडला होता तेव्हा त्याने खाटेवरून जबाब दिला होता. तो एकटाच खरं बोलत होता आणि त्याची स्वतःची माणसं बाहेर त्याला खोटं पाडत होती. हेच लोक संध्याकाळी सफरचंदं घेऊन यायचे, खाटेभोवती उभे राहून प्रार्थना करायचे.

सुतार स्टुलावर बसला. बराच वेळ आपल्या हाताकडे पाहत राहिला. भोंगा आला तेव्हा नव्हता दुखला, तितका तो आता दुखत असावा.

सुतारणीने अंगावरचा भुसा झटकला आणि तशीच, कामाच्या कपड्यांत, नव्या हॉलकडे निघाली.

पाळकांच्या खोलीत पाळकांसोबत ठेकेदार बसले होते आणि समोर पाणी आणि बिस्किटं होती. तिला पाहून ठेकेदार खूश झाले. "बरं झालं आलात, बाई. तुमच्याशीच बोलायचं होतं. वार्षिक मेळाव्याला बाहेरगावचे पाहुणे येणार आहेत. त्या भोंग्याची साक्ष ठेवावी म्हणतोय, तो कसा बदलला ते सांगायला. आजचा पौल! आधी मला वाटलं हेर आहे. पण विचार केला, देवाने आयता पाठवलाय, तर वापरू नये का?"

"वापरू?"

"म्हणजे, देवाच्या गौरवासाठी. त्याला फक्त थोडं शिकवावं लागेल. त्याला म्हटलं, पौलासारखा आकाशातून अचानक उजेड पडला असं सांग, लोकांच्या मनाला भिडतं. तर म्हणतो कसा, उजेड नाही पडला, काच पडली." ठेकेदार स्वतःच हसले.

"पुढाऱ्याच्या ऑफिसात काय ठरलं होतं?" तिने विचारलं.

हसू जागच्या जागी विझलं. पाळकांनी बिस्किटांची बशी उगाचच सरळ केली. तेवढ्यावरूनच तिला कळलं की पाळकांनाही सगळं माहीत आहे.

"ताई," पाळक हळू म्हणाले, "तेव्हा परिस्थिती फार वाईट होती. शांतता राहावी म्हणून..."

"माझ्या नवऱ्याला खोटं पाडून?"

"हे बघा," ठेकेदारांनी आवाज चढवला, "एका हातावर अडून बसलो असतो, तर आज अख्ख्या मंडळीच्या डोक्यावर छप्पर नसतं. नेतृत्व करायचं म्हणजे कठोर व्हावं लागतं. आम्ही मंडळीच्या भल्यासाठीच केलं."

"मंडळी म्हणजे कोण हो? आम्ही त्यात नव्हतो का? आणि एवढं भल्याचं होतं, तर आम्हाला विचारलं का नाही? ते म्हणाले असते ना, 'घ्या माझा हात, बांधा हॉल.' म्हणाले असते ते! तसलाच माणूस आहे. पण तुम्ही मागितला नाहीत. चोरलात." ती पाळकांकडे वळली. "आणि तुम्ही. तुम्हीच शिकवलंत ना, पौलाला फटके मारून तुरुंगात टाकलं आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप सोडायला निघाले, तेव्हा तो हलला नाही. चारचौघांत मारलंत आणि आता चोरून घालवता? अधिकाऱ्यांनी स्वतः यावं, म्हणाला. किती रंगवून सांगता ते! ते काय फक्त रविवारपुरतं होतं?"

ठेकेदार म्हणाले, "बाई, तुम्ही आत्ता रागात आहात."

"हो, आहे! आणि तुम्ही नाही आहात, याचंच मला नवल वाटतंय."

मेळाव्याच्या दिवशी हॉल माणसांनी फुलून गेला. व्यासपीठामागे मोठ्या अक्षरांत 'आजचा पौल' असा फलक लावला होता. भोंग्याने ठेकेदारांना सांगितलं होतं, "बोलेन. जे झालं तेवढंच बोलेन." ठेकेदारांनी त्यातलं फक्त 'बोलेन' ऐकलं होतं.

सुतारीण यायला तयार नव्हती. "त्याला टाळ्या मारायला मी येऊ?" म्हणाली. सुतार म्हणाला, "टाळ्या नको मारूस. त्याच्या ओळखीचं कोणीतरी असावं म्हणून ये." ती आली आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसली.

भोंगा बोलायला उभा राहिला. आयुष्यभर माईकसमोर काढलेल्या त्या माणसाचा आवाज पहिल्यांदाच अडखळत होता. रिक्षातून काय ओरडत फिरलो ते त्याने सांगितलं. पिशवीतली घड्याळं सांगितली. सगळ्यांनी परत मागितली तेव्हा ती एकेकाच्या हातात देताना आपले हात कसे स्वच्छ दिसत होते, ते सांगितलं. कपाळावरचा व्रण दाखवला आणि सुताराचं वाक्य सांगितलं. हॉलमध्ये बायका डोळे पुसत होत्या. पाहुण्यांपैकी एक वयस्कर गृहस्थ तर हुंदके देत होते. ठेकेदार पहिल्या रांगेत मान डोलावत होते, जणू हे सगळं त्यांच्याच घरचं कार्य.

"मी गुन्हा केला," भोंगा म्हणाला, "आणि तो गुन्हा झाकायला या मंडळीतल्या माणसांनी आमच्याशी तडजोड केली."

त्या एका शब्दापर्यंत सगळे ऐकत होते. पुढचं वाक्य सुरू झालं आणि माईक बंद पडला. बंद पडला म्हणजे ठेकेदारांनी हात वर केला आणि कोणीतरी बटण दाबलं. भोंगा थांबला नाही. ऑफिस, ठरलेला जबाब, वायरची थाप, सगळं सांगत राहिला, आणि सभा उठली. "खाली उतरवा त्याला!" "हेर आहे, म्हटलं होतं मी!" "सैतान बोलतोय याच्या तोंडून!" मघाशी डोळे पुसणारे रुमाल आता हवेत हलत होते. दोघांनी त्याचा दंड धरला, एकाने कॉलर धरली.

सुतारीण कधी उठली हे तिचं तिलाच कळलं नाही. खुर्च्यांमधून वाट काढत ती व्यासपीठावर चढली आणि त्याची कॉलर धरणाऱ्या हातावर तिने सणसणीत फटका मारला.

"सोडा त्याला! मारायचा हक्क कोणाचा असेल तर तो माझा आहे!"

गलका जरासा निवला. ती धापा टाकत होती. "मी अजून याला माफ केलेलं नाही. देवाला विचारा, रोज भांडते मी त्याच्याशी यावरून. पण हा खरं बोलतोय. खोटं असेल तर पाळकसाहेबांनी उभं राहून सांगावं की हा खोटारडा आहे. सांगा, साहेब!"

सगळ्या माना पाळकांकडे वळल्या. पाळक आपल्या बुटांकडे पाहत होते.

"बघितलंत?" ती म्हणाली. "दरवर्षी पौलाची गोष्ट ऐकता. यरुशलेमात तो पायऱ्यांवरून बोलत असताना लोक त्याच्यावर कसे खवळले ते ऐकून चुकचुकता. आज तुम्हीच त्या पायऱ्यांसमोर उभे आहात. त्याचं पाप सांगेपर्यंत तो तुमचा लाडका, आणि तुमचं सांगायला लागला की सैतान? असला पौल हवा होता का तुम्हाला, तुमच्या फलकावर टांगायला?"

ते तिघे हॉलमधून बाहेर पडले तेव्हा कोणी अडवलं नाही. एक म्हातारी शाळामास्तरीण मात्र काठी टेकत त्यांच्यामागून बाहेर आली. "मला हळू चालता येतं," ती म्हणाली, "जरा थांबा."

पोलीस ठाण्यात साहेबांनी भोंग्याचं सगळं ऐकलं आणि पेन खाली ठेवलं. "जुनी बंद झालेली केस. त्यात तुम्ही स्वतःचंच नाव देताय, कळतंय ना? आत जाल."

"पहिलं तेच लिहा," भोंगा म्हणाला.

त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. जुन्या साथीदारांनी त्याचं दुकान फोडलं. बापाने घरातून काढलं, म्हणाला, आमचं नाव घालवलंस. तो कारखान्यातच झोपू लागला. सकाळी उठून भुसा झाडायचा, फळ्या धरायचा. सुतारीण त्याला जेवायला वाढायची, पण पाट आपटून. कोर्टात केस पुन्हा उभी राहिली तेव्हा तो आरोपींच्या रांगेत उभा राहिला आणि बाकीचे आरोपी त्याच्याकडे पाहून थुंकले. ठेकेदार साक्षीला आले. चांगले कपडे घालून आले आणि प्रत्येक प्रश्नाला "आठवत नाही" म्हणाले. पाळकांची पाळी आली तेव्हा सुतारणीने तोंड फिरवलं. पण पाळकांनी कठड्याला धरून, कसाबसा ऐकू येईल अशा आवाजात सांगितलं की मंडळीचा जबाब खोटा होता आणि तो खोटा आहे हे आपल्याला माहीत होतं. त्या महिन्यातच त्यांना हॉल सोडावा लागला. सुतार त्यांना भेटायला गेला. सुतारीण गेली नाही. "उशिरा का होईना, तोंड उघडलं," एवढंच म्हणाली.

निकाल लागला. पुढारी सुटला, त्याच्याविरुद्ध पुरेसं नाही म्हणाले. दार फोडणाऱ्यांना शिक्षा झाली आणि भोंग्यालाही झाली, कबुली दिल्यामुळे थोडी कमी. ठेकेदार त्या रविवारीसुद्धा पहिल्या बाकावर बसले होते, असं शाळामास्तरणीने येऊन सांगितलं. सुतारीण मशीनसमोर उभी राहून इतकी मोठ्याने बोलली की रस्त्यावरचे लोक थांबले. "खरं बोलला तो आत! खोटं बोलले ते पहिल्या बाकावर! आणि मी गप्प बसून गाणी म्हणायची?"

"गाणी नको म्हणूस," सुतार म्हणाला. "पण बस जरा."

त्या सुमारास रविवारी कारखान्यात थोडी माणसं जमायला लागली होती. शाळामास्तरीण, एक परिचारिका आणि तिचा नवरा, आणखी दोन घरं. मशीनवर चादर टाकायची, फळ्यांचे ढीग करून त्यांवर बसायचं. अशाच एका रविवारी दारात एक उंच म्हातारा येऊन उभा राहिला. आवाज ऐकूनच सुतारणीने ओळखलं की हा कोणाचा बाप आहे.

"माझ्या पोराला भेटून आलो आज," तो म्हणाला. "तो खरं बोलला म्हणून आत आहे. तुमच्यातले खोटं बोलले ते बाहेर फिरताहेत. हाच का तुमचा देव? हाच न्याय? मला उत्तर पाहिजे."

सुतारणीने उठून आपल्याजवळच्या फळ्यांवरचा भुसा हाताने बाजूला सारला.

"मलाही पाहिजे," ती म्हणाली. "मीही तेच विचारतेय कधीची. या आत. चपला काढू नका, खाली खिळे आहेत."